रॅम्प आहे, पण खुर्ची उचलूनच नेतात? पुरातन वास्तूंमधल्या या चुका टाळा

दारात रॅम्प असूनही चार जण व्हीलचेअर उचलून आत नेत असतील, तर टेप घ्या आणि उंबरठा मोजा. गणित सोपं आहे: जितकी उंची, त्याच्या बारा पट लांबी. 20 सेंमी उंबरठ्याला 2.4 मीटर रॅम्प लागतो. तिथे सापडते मीटरभराची फळी. म्हणजे 1:5 चा चढ. त्यावर पुढची चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे कलंडू शकते आणि उतरताना पाय ठेवायची पट्टी जमिनीला घासते.

दुसरी चूक आतल्या बाजूची. उंबरठा ओलांडला की पलीकडे उतरायचंही असतं, पण तिकडचा रॅम्प कुणी केलेलाच नसतो. केला, तर दोन्ही उतार उंबरठ्यावर टोकाला टोक लावून जोडतात आणि त्या शेंड्यावर खुर्ची अडते. मध्ये दीड मीटर सपाट जागा ठेवा. दोन्ही कडांना पाचेक सेंमी उंच पट्टी लावा, नाहीतर चाक बाजूने खाली जातं. आणि दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, खुर्ची जाणार नाही. त्यासाठी मोठा दरवाजाच उघडावा लागतो. त्याची किल्ली कुणाकडे असते, ते तिकीट खिडकीवर माहीत हवं.

एकदाचं काम उरकावं म्हणून सिमेंट थापू नका. जुन्या दगडातला ओलावा सिमेंटखाली अडतो, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय असं काही करताच येत नाही. नटबोल्टने जोडलेला, स्वतःच्या वजनावर उभा राहणारा लोखंडी सांगाडा बरा: खाली रबर, दगडाला एकही भोक नाही, हवा तेव्हा काढता येतो. वरचा पत्रा पावसात निसरडा होतो, म्हणून खरखरीत पट्ट्या आडव्या चिकटवा आणि शेवाळ घासत राहा.

फलकावर नुसतं ‘व्हीलचेअरची सोय आहे’ लिहिणं ही तर फसवणूकच. वेरूळचं कैलास लेणं घ्या. प्रांगण जमिनीलगत आहे, पण मुख्य मंडपात जायला जिनेच आहेत. ‘प्रांगणापर्यंत खुर्ची जाते, मंडपात नाही’ इतकं स्पष्ट सांगितलं की माणूस निघण्याआधीच ठरवू शकतो. अजिंठ्यालाही पायऱ्या चढाव्याच लागतात. तिथे डोलीची चौकशी आधी करावी.

ब्रेल फलक लावून दृष्टिहीनांचा विषय संपत नाही, कारण ब्रेल सगळ्यांनाच वाचता येत नाही. हात लावता येईल अशी प्रतिकृती ठेवा, तीही काचेच्या पेटीबाहेर.

आणि अंधाऱ्या लेण्यात गाईड बॅटरी शिल्पावर मारून, पाठ फिरवून बोलतो. ओठ वाचणाऱ्या कर्णबधिर पाहुण्याला त्यातलं काहीच कळत नाही. आधी उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर धरून बोला, मग शिल्पावर वळवा आणि त्यांचं पाहून होईपर्यंत गप्प राहा.