जुन्या पिकअपच्या रेडिएटरमधली गुडगुड कशी ओळखावी

घाट चढून वर यावं, चहासाठी गाडी बाजूला घ्यावी, चावी बंद करावी आणि बॉनेटखालून गुडगुड, बुडबुड सुरू व्हावी. जुनी डिझेल पिकअप चालवणाऱ्याला हा आवाज चांगला माहीत असतो, आणि तो ऐकल्यावर पहिली भीती येते ती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी गेल्याची. माझ्या मामांच्या गाडीचं हेड याच भीतीपोटी उतरवलं गेलं. ऐन कांद्याच्या हंगामात गाडी आठवडाभर उभी राहिली, आणि सगळं जोडून झाल्यावरही आवाज तसाच होता. दोष निघाला तो रेडिएटरच्या तोंडापासून बॉटलकडे (जादा पाणी साठवणाऱ्या छोट्या टाकीकडे) जाणाऱ्या बारीक रबरी नळीत. तिला चीर गेली होती. म्हणून हेडला पाना लावण्याआधी खालच्या तपासण्या क्रमाने करा. बहुतेकींना पैसे लागतच नाहीत.

आधी कान द्या

पाण्यात वायू शिरल्याशिवाय बुडबुड होत नाही. हा वायू तीनच प्रकारचा असतो: कुठेतरी अडकलेली हवा, उकळलेल्या पाण्याची वाफ, किंवा सिलिंडरमधून आलेला जळका गॅस. आवाज कधी आणि कुठून येतो ते दोन दिवस नीट ऐका. सकाळी गाडी चालू करून रेस दिली की डॅशबोर्डमागे पाणी वाहिल्यासारखं वाटत असेल आणि गाडीला हीटर असेल, तर हवा हीटरच्या जाळीत अडकली आहे. इंजिन बंद केल्यावर बॉटलमध्ये बुडबुडे येत असतील तर बहुधा झाकण किंवा खरोखरचं उकळणं. गाडी थंड असतानाच, चालू केल्याच्या पहिल्या मिनिटात बुडबुडे येत असतील, तर मात्र गॅसचा संशय धरावा.

झाकण

गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, ओल्या फडक्यानेही नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं. दाब सुटला की ते त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. रात्रभर गाडी थंड होऊ द्या आणि सकाळी उघडा.

या झाकणात दोन वॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगचा वॉल्व्ह दाब धरतो. झाकणावर ०.९ लिहिलेलं असेल तर तेवढ्या बार दाबाने साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच झाकण सैल पडलं की पाणी बाहेरच्या हवेच्या दाबावर येतं. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवर साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. भरलेली गाडी खाली ठीक चालते आणि घाटमाथ्यावर बुडबुडते, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

दुसरा वॉल्व्ह छोटा, मधोमध. इंजिन थंड होताना तो उघडतो आणि बॉटलमधलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. तो अडकला असेल तर सकाळी वरचा होज पाइप पिचकलेला दिसतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल, चिरलं असेल किंवा क्षाराने पांढरं झालं असेल, तर त्याच आकड्याचं नवीन घ्या. जास्त दाबाचं बसवू नका, जुन्या रेडिएटरचे सांधे फुटतात.

बॉटल आणि ती बारीक नळी

रेडिएटर काठोकाठ भरलेला हवा, आणि बॉटलमध्ये नळीचं टोक पाण्यात बुडालेलं हवं. टोक वर राहिलं किंवा नळीला चीर असली तर रोज रात्री गाडी पाण्याऐवजी हवा ओढते आणि दुसऱ्या दिवशी गुडगुडते. नळी हाताने वाकवून पाहा. चीर सरळ नळीत दिसत नाही, वाकवल्यावरच तोंड उघडते. क्लिपही तपासा.

एअर काढणे

पाणी बदललं असेल, वॉटर पंप किंवा होज बदलला असेल, तर आत हवा राहिलेली असतेच. गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. थंड इंजिनवर झाकण काढा, हीटर असेल तर नॉब गरमवर ठेवा आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमध्ये घालायचं द्रव) हळूहळू ओता. मग गाडी स्लोवर चालू ठेवा. साधारण ८० ते ८८ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा वॉल्व्ह) उघडतो आणि वरचा होज एकदम तापतो. तेव्हा पातळी खाली जाईल. तोंडापासून चेहरा दूर ठेवून भरत राहा, जाड हातमोजा घालून होज अधूनमधून दाबा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहा, थोडी उतरलेली असते.

बोअरचं पाणी घालू नका. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आणि 'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील' हा सल्ला मला मुळीच पटत नाही. इंजिन कायम कमी तापमानावर चालतं, डिझेल जास्त जातं आणि खरा दोष झाकला जातो.

खरंच उकळत असेल तर

तापमानाचा काटा वर जात असेल तर फॅन बेल्टचा ताण, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल-भुसा आणि वॉटर पंपाखालचं ओलं पाहा. जाळी आतून बाहेर, मंद धारेने धुवा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

गॅस्केटची परीक्षा

वरचं सगळं ठीक निघालं तरच हे करा. थंड इंजिनवर रेडिएटर तोंडापर्यंत भरा आणि फॅन बेल्ट काढा, म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही आणि त्याने ओढलेली हवा आपल्याला फसवणार नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन फक्त एक मिनिट चालवा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या. सलग माळ येत राहिली आणि रेस दिल्यावर वाढली, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतो आहे. बेल्ट नसताना गाडी एक फूटही हलवू नका. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरलाच असतो, त्यामुळे ब्रेक दगडासारखे कडक होतात.

याला दोन साक्षी शोधा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय का? बेल्ट आणि झाकण परत लावून थंड गाडी चालू केली, तर दोन मिनिटांतच, पाणी तापायच्या आधी, वरचा होज टणक होतो का? यांतलं काही दिसलं तर माल उतरवून गाडी टो करून गॅरेजला न्या. हेड उतरवल्यावर नुसतं गॅस्केट बदलून घेऊ नका. हेड सरळपट्टीवर तपासायला लावा, वाकलं असेल तर फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्या, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), कंपनीच्या क्रमाने आवळले जाताहेत ना, हे समोर उभं राहून पाहा.