मॉस टाक्याचं ब्लँकेट: पहिली ओळ घालण्याआधीची तयारी

क्रोशाच्या पहिल्याच ब्लँकेटसाठी टाका निवडताना तो दिसतो किती छान हे नंतर पाहावं. चुकला तर चटकन लक्षात येतो का, हे आधी. मॉस टाका आम्ही सुचवतो तो याचसाठी. एक मुका खांब (आखूड उभा टाका), एक साखळी (लोकरीचा साधा फास), पुन्हा एक मुका खांब, एक साखळी, बस. पुढच्या ओळीत सुई खांबाच्या डोक्यात घालायची नाही, साखळीखालच्या मोकळ्या घरात घालायची. घर डोळ्यांना दिसतं, त्यामुळे टाका शोधत बसावं लागत नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि नुसत्या मुक्या खांबांची वीण जशी पुठ्ठ्यासारखी ताठ होते तशी ही होत नाही.

लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत पिळाची आणि फिकट रंगाची घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत घरं दिसत नाहीत, आणि केसाळ लोकर उसवताना तंतू एकमेकांत अडकतात. नवशिक्याला उसवावं लागणारच, म्हणून ही अट पाळाच. बाळासाठी विणत असाल तर केसाळ लोकर तशीही नकोच; सुटे तंतू तोंडात जातात. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि प्रत्येक लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच आहे ना, ते बघा. लॉट वेगळा असला की गुंड्यावर न कळणारा रंगफरक विणल्यावर पट्ट्यासारखा उठून दिसतो.

या जाडीला ५ किंवा ५.५ मिमी सुई लागते. अमेरिकी खुणांप्रमाणे ५ मिमी म्हणजे एच आणि ५.५ मिमी म्हणजे आय, पण अक्षरापेक्षा मिलिमीटरचा आकडाच धरावा. लेसची बारीक पोलादी सुई इथे चालत नाही, लोकर तिच्या टोकाच्या खाचेत बसतच नाही. शिवाय अर्ध्या मिमीने जास्त जाड अशी आणखी एक सुई हाताशी हवी, ती कशासाठी ते पुढे येईल. सोबत मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री, मापाची टेप, एक वही आणि खुणेसाठी सात-आठ सेफ्टी पिना किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडे.

लिहिलेला नमुना समोर ठेवणार असाल तर तो अमेरिकी आहे की ब्रिटिश, हे पहिल्यांदा पाहा. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकी नमुन्यात सिंगल क्रोशे म्हणतात, ब्रिटिश नमुन्यात त्यालाच डबल क्रोशे. हे न पाहता विणलं तर टाक्याची उंचीच बदलते आणि लोकरीचा सगळा हिशेब कोलमडतो.

आता नमुन्याचा चौकोन, म्हणजे माप काढण्यासाठी आधी विणायचा छोटा तुकडा. हा टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण मापाचे आणि लोकरीचे सगळे आकडे यातूनच मिळतात. २६ साखळ्या घाला. या टाक्याला साखळ्यांची संख्या समच लागते. सुईवरचा फास मोजायचा नाही. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला मुका खांब: सुई आत, लोकर ओढून बाहेर, सुईवर दोन फास, पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून पार. मग १ साखळी, खालची १ साखळी सोडून पुढच्या साखळीत खांब, असं टोकापर्यंत. १२ खांब भरले पाहिजेत. २ साखळ्या घालून काम वळवा, पहिला खांब सोडून पहिल्या घरात खांब, १ साखळी, पुढच्या घरात खांब. ओळीचा शेवटचा खांब वळणाच्या साखळ्यांनी झालेल्या घरात.

हे शेवटचं घर नीट ओळखायला शिका, कारण बहुतेक ब्लँकेटं इथेच बिघडतात. बाकीची घरं उघडी असतात. हे मात्र कडेला मुडपून, शेवटच्या खांबाला चिकटून बसतं आणि टाका संपल्यासारखा वाटतो. डाव्या अंगठ्याने कड किंचित बाहेर ओढली की तिरकी फट उघडते. ती सुटली की दर ओळीला एक खांब कमी होतो आणि ब्लँकेट एका बाजूने नाही तर दोन्ही बाजूंनी निमुळतं होत जातं, कारण काम दर ओळीला वळतं. उलट, वळल्यावर सोडायच्या पहिल्या खांबाच्या डोक्यातही टाका घातला तर रुंदी वाढत जाते. म्हणून वळणाच्या २ साखळ्या घातल्या की लगेच त्यांत पीन अडकवा. परत येताना पीन दिसेल तिथे शेवटचा खांब.

अशा ओळी घालत तुकडा चौकोनी झाला की धुऊन, वाळवून मापा; सुती असेल तर आटतो. समजा मधल्या १० सेंमीत ८ खांब आले, म्हणजे साखळ्या धरून १६ टाके. ७५ सेंमी रुंदीला १२० साखळ्या आणि वळणाच्या २, एकूण १२२. पहिल्या ओळीत ६० खांब यायला हवेत. लोकरीचा हिशेबही इथूनच: १५ सेंमीच्या चौकोनाचं, म्हणजे २२५ चौरस सेंमीचं, वजन १२ ग्रॅम भरलं, तर ७५ × ९० सेंमीचं ब्लँकेट त्याच्या ३० पट, ३६० ग्रॅम. त्यावर काठासाठी आणि टोकांसाठी पाचवा हिस्सा धरा, ४३२ ग्रॅम होतात. १०० ग्रॅमचे पाच गुंडे आणा. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच. चौकोन हातात कडक लागला तर टाका बदलू नका, सुई अर्ध्या मिमीने जास्त जाड घ्या आणि चौकोन पुन्हा विणा.

पायाची साखळी मात्र त्या दुसऱ्या, जाड सुईने घालावी. साखळी घट्ट पडली की खालची कड आकसते आणि वरचं कापड पंख्यासारखं फाकतं; ते धुऊन, ताणूनही सुधारत नाही. दर २० साखळ्यांवर पीन लावा. १२२च्या ऐवजी १३० घाला: मोजायला चुकलात तरी जास्तीच्या साखळ्या सुरुवातीची गाठ सोडवून त्या टोकाकडून उसवता येतात, कमी पडल्या तर मात्र सगळं पुन्हा.

नवा गुंडा जोडताना गाठ मारू नका, ती पाठीला टोचते आणि धुण्यात सुटते. खांबाचा शेवटचा ओढा नव्या लोकरीने घ्या, दोन्ही टोकं १५ सेंमी ठेवा आणि बोथट सुईने तीनदा दिशा बदलत विणीत मुरवा. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, तंतू कायमचे मरगळतात.

वहीत सुईचं माप, साखळ्या, खांब आणि लॉट नंबर आजच लिहा, आणि एक लेबल त्याच पानाला चिकटवा. काम आठवडेच्या आठवडे चालतं, मधेच ही सुई दुसऱ्या कामाला जाते, आणि परत येताना ५ची जागा ५.५ घेते. तो फरक विणीत आडव्या रेषेसारखा दिसतो.