कबड्डी: एफवायच्या रेडरला पहिल्या सातात घ्यायचं का?

गावच्या जत्रेतली कबड्डीची मैदानं गाजवणारा पोरगा एफवायला प्रवेश घेतो आणि थोड्याच आठवड्यांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येऊन ठेपते. बीड, जालना, धाराशिव असो की नांदेडच्या विद्यापीठाकडचे परभणी, हिंगोली, लातूर. क्रीडा संचालकांपुढे पेच तोच असतो. याला थेट मुख्य रेडर (चढाई करणारा) करायचं की वर्षभर राखीव ठेवायचं? बाद पद्धतीत एक सामना हरला की सगळ्या संघाचं वर्ष संपतं. म्हणून हा निर्णय नजरेच्या अंदाजावर सोडू नये, चढाया मोजाव्यात.

दोन आठवड्यांत त्याच्या किमान 60 चढाया तुमच्या सर्वांत तगड्या सात जणांसमोर घ्या. बाहेर बसलेल्या एकाकडे वही द्या. प्रत्येक चढाईला समोर किती बचावपटू होते, निकाल काय (गुण, रिकामी, पकड), पकडला तर कुणी आणि सरावाचं कितवं मिनिट, एवढं त्यानं लिहायचं.

मग समोर सहा किंवा सात जण असतानाच्या चढाया वेगळ्या काढा. खरा हिशेब तिथे आहे. मोकळ्या मैदानात चपळ पोरगा हात लावून येतोच, पण भरल्या मैदानात बचावपटूंची हातात हात धरलेली साखळी तयार असते. अशा दहा चढायांत पकड दोनदा किंवा त्याहून कमी झाली, तर पहिल्या सातात घ्यायला हरकत नाही. तीनदा झाली तर दुसरा किंवा तिसरा रेडर म्हणून ठेवा. चार किंवा जास्त वेळा झाली तर यंदा राखीवच बरा. एवढं कडक का? पकडीत नुसता एक गुण जात नाही. तुमच्या संघाला गुण मिळून तो जिवंत होईपर्यंत मुख्य रेडर बाहेर बसतो, उरलेल्यांवर ताण येतो आणि तिथूनच लोण (सगळा संघ बाद होणं) चढायला लागतो. समोर तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकडला गेला, तर प्रतिस्पर्ध्याला अव्वल पकडीचा जादा गुणही मिळतो. हे नव्या पोराच्या लक्षात राहत नाही. समोर तिघेच दिसले की तो बिनधास्त आत घुसतो.

गुणांपेक्षाही जास्त बघायची गोष्ट म्हणजे रिकाम्या हातानं परत येणं. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवरची निदानरेषा ओलांडायची, दम टिकवायचा, तीस सेकंदांच्या आत सुखरूप परतायचं. घाईत निदानरेषाच ओलांडली नाही तर कुणी हात न लावताही तो बाद. जत्रेत प्रत्येक चढाईला शिट्ट्या पडतात, त्यामुळे रिकामी चढाई म्हणजे अपयश असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. ही समजूत ज्याची सुटली, तो खेळवायला तयार झाला. तोवर सातपैकी सात मैदानात असताना त्याला बोनससाठीही रेटू नका. बोनस गुणासाठी निदानरेषेच्या पुढे आणखी एक मीटरवरची रेषा ओलांडून मागचा पाय उचलला की तोल पुढे जातो आणि कोपरारक्षक (साखळीच्या टोकाचा बचावपटू) नेमका तोच क्षण साधून घोटा धरतो.

तिसऱ्या चढाईची चाचणी वेगळी घ्या. दोन चढाया रिकाम्या गेल्या असं धरून ‘करा किंवा मरा’ (गुण आणायचा, नाहीतर बाद) किमान दहा वेळा करून घ्या. नवखा दोन प्रकारे चुकतो: एक तर पहिल्या पाच सेकंदांत उडी घेतो, नाहीतर पंचवीस सेकंद नुसता घुटमळतो आणि शेवटी दिसेल तिकडे हात टाकतो. त्याची नजर एकाच कोपऱ्यावर खिळते का, हेही बघा. खिळत असेल तर दुसऱ्या बाजूचा कव्हर (मधल्या जागेचा बचावपटू) अंगानं धडक, म्हणजे डॅश, मारून त्याला रेषेबाहेर ढकलणार. ही खोड जाईपर्यंत तिसरी चढाई सीनियर रेडरकडेच ठेवा. पहिल्या सातात घेणं हा एक निर्णय, तिसरी चढाई देणं हा दुसरा. दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही.

मातीवरून आलेला असेल तर मॅटवर किमान तीन आठवडे द्या. मातीत टाच घसरते, मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते. जुन्या सवयीनं पाय न उचलता गिरकी घेतली की गुडघा किंवा घोटा मुरगळतो. उसने बूट घालून उतरवू नका.

बचावाकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत. रेडर असला तरी समोरच्याच्या चढाईला तो सातांपैकी एक असतो. साखळीचा हात सोडून एकटाच पुढे झेपावत असेल तर विरोधी रेडर त्यालाच गिऱ्हाईक करतो. चढाईत तीन आणून बचावात चार घालवले तर उपयोग काय?

वीस-वीस मिनिटांचा पूर्ण सराव सामना खेळवून शेवटच्या दहा मिनिटांतल्या पकडी मोजा. आणि घरची विचारपूस आधीच करा: दिवाळीच्या सुमाराला आई-वडील ऊसतोडीला जात असतील तर गुरं आणि धाकटी भावंडं त्याच्यावर पडतात. तेव्हा सरावाला कोण येणार, हे आजच ठरलेलं बरं. यात त्याचा दोष नाही, वेळापत्रक आपण वाकवायचं.

खेळवायचं ठरलं की सामन्याची पहिली चढाई त्याला देऊ नका. सीनियरनं दोन-तीन चढायांत समोरचा बचाव उघडा केला की मग पाठवा, आणि ‘निदानरेषा, परत’ एवढंच सांगा. पहिल्या पाच मिनिटांत तो दोनदा पकडला गेला तर तीस सेकंदांचा टाइमआउट घ्या. प्रत्येक डावात असे दोन मिळतात. त्यात ओरडू नका. कुठल्या बाजूनं पकड आली ते एका वाक्यात सांगा, आणि तो जिवंत झाला की पुढची चढाई विरुद्ध बाजूनं करायला लावा.