भात पोसवायच्या आधी बंदुकीचे कागद

गणपती उठले की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात भात पोसवायला लागतं, आणि त्याच आठवड्यात रानडुकरांचे कळप रताळ्याचे वरंबे उलथायला येतात. मग शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बॅटऱ्या चमकतात, डबे बडवले जातात आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्या भिंतीवरची बंदूक खाली उतरते. ती उतरवण्याआधी श्रावणातच काय करून ठेवायचं ते लिहितोय. २०१६ साली शस्त्र नियम नवे आले, २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याची परिशिष्टं, म्हणजे कुठल्या जनावराला किती संरक्षण त्याच्या याद्या, बदलली. आमच्या गावात मात्र कारभार अजून आजोबांच्या काळातल्या समजुतीवर चाललाय.

त्यातली सगळ्यात मोठी समजूत आधी मोडून काढा. "परवाना हाय की, मग डुक्कर मारायला कुणाची भीती?" असं आमचे शेजारी तात्या दर वर्षी विचारतात. तात्या, परवाना बंदूक बाळगायचा आहे, जनावर मारायचा नाही. बंदुकीचा कागद १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली डीसी ऑफिसातून, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीतून मिळतो. जनावराचा कागद १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडून मिळतो. शिकारीला त्या कायद्याने बंदी आहे, आणि शिकार म्हणजे नुसता बार काढणं नव्हे. फास लावणं, हाकून कोंडणं, आमिष ठेवणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणंही त्यात आलं. छऱ्याची एअरगन घेऊन गेलात म्हणूनही सूट नाही.

आता बंदूक स्वतः. श्रावणातल्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी ती उन्हात घेऊन बसा आणि परवान्याचं पुस्तक शेजारी उघडा. प्रकार, बोअर (नळीच्या भोकाचं माप) आणि नंबर हे तीन रकाने नळीवरच्या खुणांशी अक्षरन् अक्षर जुळवा. आमच्या घरची एकनळी माझ्या आजोबांची. तिच्या नळीवरचा नंबर तेलाच्या काजळीत बुजला होता आणि कधीकाळी कुणा कारकुनाने ८ चा ३ करून पुस्तकात उतरवला होता. चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. नोंदी कॉम्प्युटरवर चढवताना ते उघडं पडलं आणि एका आकड्यासाठी मी सात खेपा घातल्या. कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही, कारण चूक आमचीही होती, कुणी कधी पुसून बघितलंच नव्हतं. रॉकेलचा बोळा आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. नंबर स्वच्छ दिसला की मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

बोअरबद्दल बाजारात जेवढ्या गप्पा ऐकू येतात तेवढ्या दुसऱ्या कशाबद्दल नसतील. कुणीतरी सांगतो की आता पीक राखायला रायफल मिळते. कायदा वेगळं बोलतो. पीक राखणीसाठी कलम १३ मध्ये नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं, आणि ती पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं. म्हणजे व्यवहारात १२ बोअर. पॉइंट २२ रायफलचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण रायफल क्लबच्या सभासदाला निशाणबाजीसाठी. पॉइंट ३१५ रायफल मनाईतली नाही, तरी तिच्यासाठी वेगळं आणि सबळ कारण दाखवावं लागतं, आणि "डुकरं येतात" हे त्यात बसेलच असं नाही. पॉइंट ३०३ आणि ७.६२ ही मनाईची बोअर, त्यांचा विचारच सोडा. मला विचाराल तर यात शहाणपण आहे. छर्ऱ्याचा जोर थोड्या अंतरात संपतो, रायफलची गोळी मात्र दोन बांध ओलांडून तिसऱ्याच्या माळ्यापर्यंत जाते, आणि आमच्याकडे रात्री प्रत्येक बांधावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. जाता जाता, १२ बोअर हा इंचाचा आकडा नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी ती नळी. म्हणून १६ बोअर १२ पेक्षा बारीक. हे कळलं तर दुकानात कुणी फसवत नाही.

घरात किती हत्यारं आहेत तेही मोजा. आधी एका माणसाच्या नावावर तीन चालत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच. वारशाने आलेलं हत्यारही या दोनातच धरतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली, त्यामुळे लोक आणखी बिनघोर झालेत. मुदतीच्या आधी दोन महिने अर्ज गेला पाहिजे. पुस्तकावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीचा नंबर आहे का ते पहिल्यांदा बघा. नसेल तर बाकीची धावपळ फुकट. अर्ज कन्नडमध्ये भरायचा असतो. नाडकचेरीबाहेरचा, म्हणजे महसूल कचेरीबाहेरचा, बाँड रायटर (दस्त लिहिणारा) भरून देतो, पण उताऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव ही तीन एकमेकांशेजारी ठेवून स्वतः वाचून घ्या. मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ कन्नडमधून इंग्रजीत जाऊन परत येईपर्यंत माणूसच बदलतो. उतारा सामायिक असेल तर भावांच्या सह्या आत्ताच घेऊन ठेवा, दिवाळीत वाटणीचा विषय निघाला की त्या मिळत नाहीत.

बंदूक ज्याच्या नावावर त्यानेच वापरायची. म्हातारा आजारी म्हणून पोरगा बंदूक घेऊन माळ्यावर गेला तर गुन्हा पोराचा. परवान्यात रिटेनर, म्हणजे मालकाच्या वतीने हत्यार बाळगणारा, म्हणून त्याचं नाव असेल तर गोष्ट वेगळी. नियमांत यावर चांगली वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मालकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून जिवंतपणीच कायदेशीर वारसाकडे ते देण्यासाठी अर्ज करता येतो. मरणाची वाट बघायची गरज नाही. आणि मालक वारला तर बाराव्याच्या गडबडीत बंदूक कपाटात राहू देऊ नका. परवाना माणसाबरोबर संपतो, हत्यार लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग वारसाचा अर्ज.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी एक रकाना फार महत्त्वाचा आहे. परवाना कुठल्या भागापुरता वैध, हे पुस्तकावर लिहिलेलं असतं. आमच्यातल्या कित्येकांचं घर इकडे आणि काजूची बाग महाराष्ट्रातल्या चंदगडात. मधल्या ओढ्याला कंपाऊंड नाही, पण बंदूक खांद्यावर असेल तर तो ओढा म्हणजे राज्याची हद्द. फक्त कर्नाटकाचा परवाना घेऊन पलीकडे उतरलात तर तुम्ही बिनपरवाना. तसंच चंदगडच्या पाहुण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला त्यांच्या वनखात्याचा कागद इथे चालत नाही. वन्यजीव कायदा दोन्हीकडे एकच, पण परवानगी देणारा अधिकारी ज्या त्या राज्याचा. कर्नाटकातल्याच कोडगूचं उदाहरणही देऊ नका. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरेच्या) जमीनधारकांना परवान्यातून जी सूट आहे ती त्यांच्यापुरती आहे, बेळगावला तिचा काही उपयोग नाही.

आता आमच्या तालुक्यातलं भीमगड. २०११ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून एक बाब अनेकांची राहून गेलीय. वन्यजीव कायद्याचं कलम ३४ सांगतं की अभयारण्यात किंवा त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं. या पट्ट्यात नवा परवाना हवा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. हेम्मडगा, तळेवाडी, गवाळीकडचे लोक आत आहेतच, बाकीच्यांनी आपलं गाव कुठे बसतं ते वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारून नोंदणीची पोच घ्यावी.

डुक्कर मारायच्या परवानगीचा अर्ज त्याच ऑफिसात द्यायचा, आणि नुकसान झाल्यावर नव्हे, पहिली उकरण दिसली त्या दिवशी. नव्या परिशिष्टांत रानडुक्कर दुसऱ्यात आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर लेखी आणि कारणासहित परवानगी देता येते, मुख्य वन्यजीव रक्षकाकडून किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून. गवा पहिल्यात आहे, त्याच्यावर बार काढायचा विचार मनातही नको. अर्जाला उतारा, परवान्याची झेरॉक्स आणि शेताचे फोटो जोडा. फोटोत खुरांचे ठसे आणि मागे ओळखू येईल असं झाड किंवा देऊळ हवं, नुसत्या चिखलाचा फोटो कुठल्याही शेताचा असतो. नुकसानभरपाईचा वेगळा अर्ज त्याच दिवशी टाका. खरं सांगायचं तर आमच्या वाडीत परवानगीपेक्षा भरपाईच जास्त वेळा हाती आलीय.

काडतुसांचं थोडक्यात. पावसाळ्यात जुनी कागदी कवचाची काडतुसं फुगतात आणि नळीत अर्धी जाऊन अडकतात. ठोकून बसवू नका. डब्यातली एकेक उचलून बघा, फुगलेली बाजूला काढून दुकानदाराला दाखवा, आणि उरलेली परवान्यावरच्या आकड्याशी जुळवा. निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत आणली असेल तर ती पावती पुस्तकातच टाचून ठेवा. दुरुस्तीला दुसऱ्याच्या हाती पाठवायची तर सहीची चिठ्ठी सोबत द्या.

आणि परवानगी मिळून खरंच डुक्कर पडलंच, तर ते सरकारचं. ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं. रात्रीच फोन लावा, कारण सकाळपर्यंत वाडीतली अर्धी माणसं पातेली घेऊन बांधावर उभी असतात आणि त्यांना 'नाही' म्हणणं डुक्कर पाडण्यापेक्षा अवघड आहे. तात्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग मारून काय उपयोग रे?" आणि यंदा त्यांनी सोलर कुंपणाचा अर्ज भरलाय.