राज्यसभेतले बाबासाहेब कसे वाचायचे

वक्तृत्वाच्या वर्गात मी एक पथ्य पाळते: बाबासाहेबांचं सुटं वाक्य फळ्यावर लिहायचं नाही. आधी तारीख शोधायची.

1951 साली ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि 1952 पासून राज्यसभेत विरोधी बाकांवर बसले. तिथली भाषणं महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडमालेत 15व्या खंडात आहेत. खंड चांगलाच जाडजूड, पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर झोप येईल. सरळ 2 सप्टेंबर 1953 काढा, आंध्र राज्याचं विधेयक. संविधान जाळायला मीच पहिला पुढे होईन, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वाक्य इथलंच. पण मागची पानं उलटा. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालांच्या हाती अधिकार हवेत, हा मुद्दा ते लावून धरतायत. पेन्सिलने मध्येच बोलणाऱ्या सदस्यांच्या नावांखाली रेघ मारा, म्हणजे कुठल्या टोमण्यावर उत्तर तापलं ते कळतं. (माझ्या प्रतीत रेघाच रेघा आहेत.)

मग दीड वर्ष पुढे, 19 मार्च 1955, चौथी घटनादुरुस्ती. एका सदस्याने त्या जुन्या वाक्याची आठवण करून दिली. त्यावर त्यांचं उत्तर असं: देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसायच्या आधीच सैतानाने ते बळकावलं.

ही दोन्ही पानं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. मध्ये अडवायला घरातलं कुणीतरी बसवा.