काम चालू असताना संकेतस्थळांची ओढ कशी आवरावी

सोलापूरच्या पूर्व भागातील टॉवेल कारखानदारांचे हिशेब लिहिणे आणि त्यांची जीएसटी विवरणपत्रे भरणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, ‘इंटरनेट बंद करून कामाला बसा’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही; माझे कामच इंटरनेटवर चालते. ज्यांची स्थिती अशीच आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

यंत्रमागावर आडवा धागा तुटला, की माग आपोआप थांबतो; नाहीतर पुढचे सगळे कापड वाया जाईल. पूर्वी संकेतस्थळांनाही असा थांबा होता: पान संपत असे आणि पुढचे पान उघडायचे की नाही, हे आपल्याला ठरवावे लागे. २००६ साली अझा रास्किन या संगणक-रचनाकाराने न संपणाऱ्या पानाची रचना केली, पुढे समाजमाध्यमांनी ती उचलली, आणि तो थांबा गेला. तो आता आपल्यालाच बसवावा लागतो.

त्याआधी आपला धागा नेमका कोठे तुटतो, हे शोधावे. दोन-तीन दिवस टेबलावर एक कोरा कागद ठेवावा आणि भरकटल्याचे लक्षात येताच, त्याच्या क्षणभर आधी आपण काय करत होतो, तेवढेच लिहावे. माझ्या कागदावर एकच शब्द वारंवार आला: ओटीपी. विवरणपत्र दाखल करताना ओटीपी पक्षकाराच्या मोबाईलवर आणि ईमेलवर जातो, मी त्यांना फोन लावतो, ते म्हणतात, ‘‘थांबा साहेब, मोबाईल चार्जिंगला लावलाय, बघून सांगतो,’’ आणि त्या दोन मिनिटांत माझा अंगठा रील्सवर गेलेला असतो. उपाय अगदी साधा निघाला. पक्षकारांना फोन करण्यासाठी मी बटणांचा जुना फोन टेबलावर ठेवला आणि स्मार्टफोन बाहेरच्या खोलीतील कपाटात गेला.

संगणकावर कामासाठी वेगळा ब्राउझर वापरावा आणि त्यात समाजमाध्यमांचे एकही खाते उघडू नये. त्याच ब्राउझरमध्ये लीचब्लॉक हे विस्तारक (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, एक्स्टेन्शन) बसवून टाळायच्या संकेतस्थळांची यादी आणि बंदीच्या वेळा भराव्यात. फायरफॉक्स, क्रोम आणि एज या तिन्हींवर ते चालते. मात्र खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत विस्तारके सहसा बंद असतात, त्यामुळे तेथेही ते चालण्याची परवानगी सेटिंग्जमध्ये द्यावी, नाहीतर मागचे दार उघडेच राहते. (मला ते दार पहिल्याच दिवशी सापडले होते.)

यूट्यूब पूर्ण बंद करणे मला परवडत नाही, कारण एक्सेलमधील एखादी अडचण तेथेच सुटते. तेथे पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद पुसून ती ठेवणेच बंद करावे. मग मुख्य पानावर शिफारशींची रांग लागत नाही आणि जे हवे तेच शोधावे लागते. व्हिडिओ संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोयही बंद करावी. व्हॉट्सअ‍ॅपचे दुखणे निराळे आहे, कारण बिलांचे फोटो त्यावरच येतात. नातेवाइकांचे आणि सोसायटीचे गट अर्काइव्हमध्ये टाकावेत, आणि सकाळी अकरा व दुपारी चार या दोनच वेळा संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडावे. त्याआधीच बिल बघावे अशी घाई असलेला पक्षकार फोन करतोच.

हे सारे केल्यावरही हात शिवशिवतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना पाय मोकळे करायला बाहेर जाण्याची सोय नसते. अशा वेळी उठून माठातले पाणी प्यावे, कपाटाच्या खोलीकडे मात्र जाऊ नये.

शेवटची कडी लीचब्लॉकमध्येच आहे. त्याचे पर्याय उघडण्यापूर्वी ३२, ६४ किंवा १२८ अक्षरांची निरर्थक संकेतावली टंकायला लावण्याची सोय त्यात आहे. मी ६४ निवडली. गेल्या महिन्यात वीस तारखेच्या रात्री, तीन विवरणपत्रे बाकी असताना, मी बंदी उठवायला बसलो, तिसाव्या अक्षराच्या आसपास चुकलो, पुन्हा पहिल्यापासून टंकू लागलो आणि तेवढ्यात बटणांचा फोन वाजला: पक्षकार ओटीपी सांगत होते.