नेट बंद पडलं? मोडेम ओढण्याआधी आयपी पत्ता वाचा: या चुका टाळा

जुलै संपत आला की पीक विम्याच्या फॉर्मसाठी सेवा केंद्राबाहेर रांग लागते. नेमकी तेव्हाच लाईट जाते, परत येते आणि नेट येत नाही. औसा असो, गेवराई असो की जिंतूर, सगळीकडे पहिला उपाय तोच: मोडेम बंद करून चालू करा. त्यानं जमलं नाही तर कुणीतरी विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. माझं ठाम मत आहे की यातलं काहीही करण्याआधी कॉम्प्युटरला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, वाचावा. बिघाड कुठं आहे हे बऱ्याच वेळा तिथंच कळतं.

विंडोजची की आणि आर एकदम दाबा, सीएमडी (cmd) लिहून एंटर करा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) टाईप करा. त्यात तीन ओळी बघायच्या: आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क आणि डीफॉल्ट गेटवे. सगळं सुरळीत असेल तर पत्ता १९२.१६८.१.७, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.१ असं काहीसं दिसेल. या मास्कचा अर्थ असा की पहिले तीन आकडे तुमच्या नेटवर्कचे आणि चौथा त्या एका मशीनचा. गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, आधी त्याच्याकडे जातं. म्हणून गेटवेची ओळ रिकामी असेल तर शेजारच्या मशीनवरची फाईल उघडेल, पण एकही वेबसाईट उघडणार नाही.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो तेव्हा

राउटरमधली डीएचसीपी सेवा प्रत्येक मशीनला पत्ता वाटते. कॉम्प्युटरनं पत्ता मागितला आणि कुणीच उत्तर दिलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता लावून घेतं. हा आकडा, किंवा पत्त्याऐवजी ‘मीडिया डिसकनेक्टेड’, दिसला की कंपनीला फोन करू नका, कारण बिघाड बहुधा तुमच्याच खोलीत आहे. केबलच्या टोकाची क्लिप तुटलेली असते, उंदरानं वायर कुरतडलेली असते, किंवा मोडेम इन्व्हर्टरवर असतो आणि नेटवर्क स्विच (एका केबलवरून अनेक मशीन जोडणारा डबा) नसतो. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार ठिकाणी दिसते. मोडेमचे दिवे लागलेले बघून सगळे गोंधळतात आणि टेबलाखाली पडलेल्या स्विचकडे कुणी बघत नाही.

जोडणी नीट केल्यावर आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून तिरपी रेघ आणि रिलीज (/release), नंतर तसंच रिन्यू (/renew) टाईप करा, म्हणजे नवा पत्ता मिळेल. या वेळी घाईनं हातानं पत्ता टाकणं ही मोठी चूक. त्यानं दुखणं बरं होत नाही, फक्त १६९.२५४ हा इशारा दिसेनासा होतो.

प्रिंटर आज चालतो, उद्या नाही

कालपर्यंत चालणारा नेटवर्क प्रिंटर लाईट जाऊन आल्यावर ऑफलाईन दाखवतो. बरेच साधे राउटर बंद झाल्यावर कुणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरतात. सगळी यंत्रं एकाच वेळी चालू होतात आणि प्रिंटरला वेगळाच पत्ता मिळतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो.

मग प्रिंटरला हातानं कायमचा पत्ता दिला जातो, आणि तो डीएचसीपीच्या वाटपाच्या पट्ट्यातलाच निघतो. राउटर १०० ते १९९ वाटत असेल आणि तुम्ही प्रिंटरला १२० दिला, तर कधीतरी तोच १२० एखाद्या मोबाईललाही मिळतो. मग दोन्ही अडखळतात, कधी हा चालतो तर कधी तो. पत्ता हातानं द्यायचा तर पट्ट्याबाहेरचा द्या, म्हणजे इथं २० किंवा ५०. त्याहून चांगलं म्हणजे राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला की उघडतं ते) प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवून आयपी राखून ठेवणं. हा बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता बहुतेक प्रिंटरच्या मागच्या चिठ्ठीवर असतो.

लॅपटॉपला केंद्रात असा कायमचा पत्ता दिला असेल, तर घरच्या वायफायवर नेट न येणं साहजिक आहे. तिथं पत्ता आपोआप मिळवा हाच पर्याय ठेवा.

दुसरा राउटर, दोन वाटणारे

लातूरच्या क्लासेसमध्ये खाली ऑफिस आणि वर अभ्यासिका असते. वर रेंज पोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये केबल खोचली जाते. आता एकाच वायरवर दोन डीएचसीपी झाले. काही मशीनना १९२.१६८.१ चे पत्ते मिळतात, काहींना १९२.१६८.० चे. दुसऱ्या गटाचा गेटवे नवा राउटर असतो आणि त्याला स्वतःलाच बाहेरची वाट नसते. वायफाय पूर्ण दांड्या दाखवतं आणि नेट चालत नाही. कुणाला कोणाकडून पत्ता मिळेल हे त्या क्षणावर असल्यामुळे बिघाड जागा बदलत राहतो, आणि दोष विनाकारण कॉम्प्युटरवर येतो.

आयपीकॉन्फिगमधला गेटवे दोन मशीनवर वेगळा दिसला की हेच झालंय असं समजा. नव्या राउटरला आधी एकट्या लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, आणि मगच मुख्य वायरला लावा. ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, हे काम त्यातच होतं.

पत्ता बरोबर, तरी साईट उघडत नाही

आधी गेटवेला पिंग करा (काळ्या खिडकीत ping आणि पुढे पत्ता), मग ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, मग एखाद्या साईटच्या नावाला. गेटवे उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर बिघाड बहुधा मोडेमच्या पलीकडे आहे. आता कंपनीला फोन करा. ८.८.८.८ उत्तर देतो आणि नाव सापडत नाही, तर डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बिघडलंय. पत्त्याला हात लावू नका, डीएनएस बदला. आणि एवढ्यानंतरही प्रत्येक साईट सुरक्षित नसल्याची सूचना येत असेल तर कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या मशीनमधला सेल संपला की तारीख मागे जाते आणि साईटचं प्रमाणपत्र चुकीचं ठरतं.

शेतातला कॅमेरा मोबाईलवर दिसत नाही

इथं लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर लिहितो. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ नं सुरू होणारे पत्ते खासगी आहेत. एका मोठ्या वाड्यातल्या खोल्यांच्या क्रमांकांसारखे ते आतच चालतात, गावासाठी वाड्याचा दरवाजा एकच. तुमचा राउटर आतल्या सगळ्या मशीनची ये-जा बाहेरच्या एका पत्त्यावर चालवतो, याला नॅट म्हणतात. त्यामुळे कॅमेऱ्याचा १९२.१६८ चा पत्ता पुण्यातल्या मुलाला पाठवून उपयोग नाही.

पोर्ट फॉरवर्डिंगनं, म्हणजे बाहेरून आलेली मागणी राउटरला थेट कॅमेऱ्याकडे पाठवायला सांगून, हे जमतं, पण राउटरला खरा सार्वजनिक पत्ता असेल तरच. आयपीव्ही४ मध्ये एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १०० नं सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा वर सांगितलेल्या खासगी गटातला असेल, तर तुमच्याकडे पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही, मग तंत्रज्ञ कितीही वेळा येवो. कंपनीकडून सार्वजनिक स्थिर आयपी घ्या, नाहीतर कॅमेऱ्याच्या क्लाउड ॲपवरून बघा. सार्वजनिक पत्ता मिळेल का, हा प्रश्न कॅमेरा विकत घेण्याआधी विचारायचा.

आणि व्हिडिओ बघून आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, बंद करू नका. मोबाईल नेटवर्कवर ते आता मोठ्या प्रमाणात वापरात आहे, आणि पत्त्यांच्या या टंचाईवरचा खरा उपाय तोच आहे.